मीठ बघणारी

त्रायांकाची जीभ गेली ही बातमी सगळ्या आळीत पसरली होती, आणि पसरवली होती तिच्याच नवऱ्याने.

स्ट्रुमित्सा शहराकडच्या त्या गावात सप्टेंबर लागला की दारोदारी चुली पेटतात. लाल गोड मिरच्या काळ्या पडेपर्यंत भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि तेलात घट्ट होईतो आटवायच्या. तो आयवार हिवाळाभर पावाला लावून खायचा. कढई उतरवण्याआधी मीठ बघायला बायका वर्षानुवर्षं त्रायांकाला बोलावत. ती पळीवरचं बोटभर चाखे, डोळे मिटे आणि म्हणे, "अजून चिमूटभर." तिने मान हलवल्याशिवाय कोणाची कढई उतरत नसे.

मग एका वर्षी तिला घरचाच आयवार पाणचट लागला. गोड होता, पण नुसता साखरेसारखा गोड. गिळल्यानंतर घशात रेंगाळायची ती चव कुठे गेली, कळेना. मिरच्याही जाड गराच्या, गुळगुळीत.

"या आपल्या मिरच्या नाहीत, ग्लिगोर."

"मग काय शेजाऱ्याच्या चोरून आणल्या? पाऊस झालाय, अंग धरलंय त्यांनी." नवरा हसला. "मिरची तीच आहे. जीभ झिजलीय तुझी, बोलून बोलून."

तिने ते खरं मानलं. बी तिनेच निवडून, वाळवून, फडक्यात बांधून ठेवलेलं. फेब्रुवारीत वाफ्यात पेरायचं काम त्याचं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बियांबद्दल खोटं का बोलावं? ती तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन जीभ दाखवून आली. वय झालं, म्हणाले. ग्लिगोर सोबत होता. दारातल्या खुर्चीवर गप्प बसून होता.

आळीत हाका आल्या की ती म्हणू लागली, "मला नका विचारू." हळूहळू हाका आल्याच नाहीत. घरी ग्लिगोर मात्र दरवर्षी म्हणे, "मीठ बघ गं जरा." तिला वाटे, आपलं मन राखतोय.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या पावलीनाने तिला सोलायला बोलावलं. पावलीनाची सून बाळंतपणाला गेलेली, हाताखाली कोणी नव्हतं.

"मीठ नका बघू काकू, सालं तेवढी काढा," ती म्हणाली आणि ओशाळली.

साल पातळ होतं, गराला चिकटून बसलेलं. नखाने ओढावं लागत होतं. रस मनगटापर्यंत ओघळला तसा त्रायांकाने सवयीने चाटला, आणि घशात ती जुनी चव रेंगाळली.

"ही मिरची कुठली गं?"

"तुमचीच की. ग्लिगोरकाकांनी नाही का फडकं दिलं बियांचं? काका म्हणाले, ही सोलायला किचकट, उतारा कमी, म्हणून आम्ही आता तयार रोपं आणतो." पावलीना तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय."

त्रायांकाने हातातली मिरची सोलून पुरी केली. मग हात धुतले. जीभ शाबूत होती. याचा आनंद व्हायला हवा होता, पण मनात येत राहिली ती डॉक्टरच्या दारातली खुर्ची आणि तिच्यावर गप्प बसलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी ग्लिगोर अंगणात कढई ढवळत होता. आयवार रटरटत होता. हात थांबला की तळाला लागतो, म्हणून त्याला तिथून हलता येत नव्हतं.

"मीठ बघ गं जरा," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. म्हणजे त्याला एक दिवसही वाटलं नव्हतं की हिची जीभ गेलीय.

"माझी जीभ झिजलीय ना?" ती म्हणाली. "तूच बघ."

त्याने मान वर केली. त्याला कळलं असावं. "अगं, तुझीच पाठ दुखते सोलताना, म्हणून..."

"पाठ माझी होती. मला विचारायचं होतंस."

कुंपणापलीकडून पावलीनाची हाक आली, "काकू, कढई उतरवू का?"

"थांब," त्रायांका म्हणाली. "मी आल्याशिवाय उतरवू नकोस."