तोतयाची मुलगी

बाईंनी माझी वही उघडी धरली आणि वर्गाला विचारलं, "दुसऱ्याचं नाव लावून जो माणूस फिरतो, त्याला मराठीत काय म्हणतात?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

"अगं मुलींनो, इतिहासात शिकलात ना. पेशव्यांच्या वेळचा. भाऊसाहेबांचा."

"तोतया," पहिल्या बाकावरून आवाज आला.

"बरोबर." बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला. ठळक, सुंदर अक्षरात. मग माझ्याकडे वळल्या. "उभी राहा."

मी उभी राहिले. नववीचा वर्ग. शाळा दादरची. मी करी रोडच्या चाळीतून यायची. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून चालत. त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. उभं राहताना मी तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला. अजून आठवतं ते. एवढं सगळं चाललं होतं आणि मला काळजी चपलेची.

झालं होतं ते असं.

बाईंनी आम्हाला एक लहान मुलांची गोष्ट दिली होती. रसग्रहण करायला. नववीच्या मुलींना बालगोष्ट कशाला, म्हणून मुली हसल्या होत्या. बाई म्हणाल्या होत्या, साधी गोष्ट नीट वाचता येणं हेच सगळ्यात अवघड. बाईंचं हे मला फार आवडलं होतं. बाईच मला आवडायच्या. गिरगावातून यायच्या, कडक इस्त्रीची साडी, कविता म्हणताना डोळे मिटायच्या. माझा निबंध दोनदा त्यांनी वर्गात वाचून दाखवला होता. हे सांगितलं पाहिजे. त्या वाईट शिक्षिका नव्हत्या.

गोष्ट एका खारीच्या पिल्लाची. त्याच्या पाठीवर दोनच पट्टे. वादळात ते घरट्यातून पडतं आणि झाडोझाड फिरतं. प्रत्येक झाडावरच्या खारी त्याची पाठ बघतात, पट्टे मोजतात आणि तू आमचं नाहीस म्हणतात. शेवटी चिंचेच्या झाडावर एक म्हातारी खार भेटते. ती पिल्लाची पाठ बघते आणि स्वतःची फिरवते, तर तिच्याही पाठीवर दोनच पट्टे. आजी सापडते. पिल्लू तिच्या कुशीत शिरतं. संपली गोष्ट.

बाईंनी फळ्यावर मुद्दे दिले होते. मध्यवर्ती कल्पना, भाषा, शीर्षक. शेवटचा मुद्दा, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण. खरं लिहा, म्हणाल्या होत्या. मनातलं लिहा.

कोणी लिहिलं, माझं नाक आजीसारखं आहे. कोणी लिहिलं, मला आईसारखी खळी पडते. माझ्या शेजारी बसणाऱ्या अनघाने लिहिलं, माझं आणि माझ्या बाबांचं अक्षर अगदी सारखं आहे. मी लिहिलं ते असं. शब्द न् शब्द पाठ आहे.

"या गोष्टीत पिल्लाला घर मिळाले, कारण त्याची पाठ आजीसारखी होती. सारखे दिसणे उपयोगी पडते. माझे बाबा आणि माझे मोठे काका विश्राम हे सारखे दिसायचे. काकांना छातीचा आजार झाला आणि ते गावी गेले. तेव्हापासून बाबा त्यांच्या पासावर मिलमध्ये जाऊ लागले. पासावर फोटो काकांचा आहे, पण सर्वांना तो बाबांचाच वाटतो. नंतर काका वारले. मिलमध्ये बाबा अजून विश्राम आहेत. म्हणून आम्ही मुंबईत आहोत. पण मला असे वाटते, की पिल्लाच्या पाठीवर एकच पट्टा असता तर ते कुठे गेले असते? हे लेखकाने लिहायला हवे होते."

मी काही गुपित फोडलं नव्हतं. आमच्या चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं. साचे खात्यात माणसं लावणाऱ्या जॉबरने स्वतः बाबांना काकांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं केलं होतं. भाऊ आजारी, साचा रिकामा, हा हुबेहूब तसाच, मग काय. घरात बाबा गोविंद आणि मिलमध्ये विश्राम. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना दोन नावं असतात. करी रोडला जे पाण्याच्या नळाइतकं उघड होतं, ते दादरला आल्यावर गुन्हा झालं. दोन स्टेशनांवर.

बाईंनी ते सगळं वर्गात वाचलं. थांबून थांबून. शेवटचा प्रश्न वाचला नाही. तो मी सगळ्यात विचार करून लिहिला होता.

"साहित्य माणसाला प्रामाणिक करतं," बाई म्हणाल्या, "आणि हिला बघा, हिला अभिमान वाटतोय. रक्ताच्या नात्यावरची इतकी कोमल गोष्ट. त्यातून हिने काय घेतलं, तर फसवणूक."

मुली हसल्या. अनघा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिचे वडील आमच्याच मिलच्या टाइम ऑफिसात, जिथे कामगारांची हजेरी लागते तिथे, मोठे क्लार्क होते.

त्या दिवसापासून मी तोतयाची मुलगी. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी, कवायतीच्या रांगेत. मी घरी काही सांगितलं नाही. घरात सांगण्यासारखी जागा उरली नव्हती. संपाचं दुसरं वर्ष चाललं होतं. आईच्या खाणावळीतले सगळे जेवणारे गावी परतले होते. आई कॉटन ग्रीनच्या गोदामांत धान्य पाखडायला जायची आणि संध्याकाळी खोकत यायची. धाकट्या बहिणीला मामाकडे ठेवलं होतं. बाबा दिवसभर गॅलरीत बसून असायचे. हात मांडीवर ठेवून. बारा साचेवाल्यांत त्यांचा हात चांगला, असं लोक म्हणायचे, आणि ते हात नुसते पडलेले.

मग मिलचा भोंगा एका पाळीसाठी वाजू लागला. माणसं चोरून आत जाऊ लागली. बाबा जात नव्हते. आई आधी काही बोलली नाही. एक दिवस तिने रिकामा डबा बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारी निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाबा गेटवर गेले.

दुपारी परत आले. नेहमीच्या जागी न बसता खोलीत येऊन भिंतीला टेकले. मला विचारलं, "तू शाळेत काय लिवलंस गो, आमच्याबद्दल?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग टाइम ऑफिसात काय झालं ते सांगितलं, आईला, माझ्याकडे न बघता. त्या मोठ्या क्लार्कने त्यांना उभं केलं. रागावून नाही, नीट बोलला. पास हातात घेतला, फोटो पाहिला, बाबांना पाहिलं. म्हणाला, विश्राम तर वारले ना? मग तुम्ही कोण?

हे बाबांना विचारलं. अठरा वर्षं ज्या गेटातून आत गेले, तिथे. मिलला हे अठरा वर्षं चाललं होतं. आता माणसं कमी घ्यायची होती, तर चालेनासं झालं. पण ही अक्कल मला पुढे आली. तेव्हा मला एवढंच कळलं, की माझ्या वहीतलं वाक्य चालत मिलच्या गेटपर्यंत गेलं आणि माझ्या बापाच्या छातीवर हात ठेवून उभं राहिलं.

आई भिंतीवर डोकं आपटून घेत होती. आवाज न करता. मी तिला धरायला गेले, तर तिने माझा हात झिडकारला.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं होतं. बाईंनी लिहून द्यायचं, की मुलीने लिहिलं ती नुसती कल्पना होती. मग तो कागद क्लार्कला दाखवायचा. बुडणाऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं.

शिक्षकांच्या खोलीत आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. बाबांनी हात जोडले. त्यांना प्रमाण मराठीत बोलायचं होतं, म्हणून ते हळू, एकेक शब्द मोजून बोलत होते. "बाई, ती लहान आहे. तिला गोष्ट आणि खरं यातला फरक कळत नाही. तुम्ही एवढं लिहून द्या."

मला फरक कळत होता. मी मान खाली घातली.

बाईंनी टेबलावरच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, त्या लिहून देतील, पण आधी मुलीने कबूल केलं पाहिजे. तिच्या सुधारण्याच्या दृष्टीने. त्यांनी मला कोरा कागद दिला, टेबलाशी उभं केलं आणि सांगायला सुरुवात केली.

"माझ्या रसग्रहणातील मजकूर खोटा आहे."

मी लिहिलं. पटकन लिहिलं. बाबांसाठी मी काहीही लिहिलं असतं.

"माझ्या घरी असत्याचे वातावरण असल्यामुळे मला खोटे बोलण्याची सवय लागली आहे."

माझा हात थांबला.

बाईंनी वाक्य पुन्हा सांगितलं. मला वाटलं, पेन जड झालंय. माझ्या डोळ्यांसमोर आईची नखं आली, धान्याच्या भुशाने भरलेली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कधी कोणाला खोटं बोलायला तरी उसंत होती?

"लिव गो," बाबा म्हणाले.

मी लिहीना.

"लिव, बाय माझी."

त्यांच्या आवाजात ते होतं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. भीक. मुलीकडे. आजही तो आवाज आठवला की मला वाटतं, लिहायला हवं होतं. पोट आधी. एक वाक्य होतं नुसतं. पण हात हलला नाही आणि तोंड हललं.

"नाही लिहिणार," मी म्हणाले. "आमच्या घरी खोटं कोणी बोलत नाही, बाई. नाव काकांचं होतं. पण साच्यावर माझे बाबा उभे राहायचे. ते खरंच उभे राहायचे."

बाबांनी मला मारलं. तिथेच, सगळ्या शिक्षकांसमोर. आयुष्यात पहिल्यांदा. गालावर नाही, कानावर बसली.

बाई हळूच म्हणाल्या, "हेच. हेच वातावरण म्हणतेय मी."

मी तो कागद घेतला. पहिलं वाक्य खोडलं. कागद फाडावा असं वाटलं होतं, पण फाडला नाही. खोडलेला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. परळपर्यंत बाबा माझ्यापुढे चालत होते. वळून बघितलं नाही.

त्यांना मिलमध्ये घेतलं नाही. पुढे ते दादरच्या भाजी बाजारात पाट्या वाहायचे. बारीक सुताचे तुटलेले धागे चिमटीत जुळवणारी बोटं, त्या बोटांनी कोबीची पोती ओढायचे. दारू लागली. काही वर्षांनी गेले. ते मला दोष द्यायचे की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. हो म्हणाले असते तर, ही भीती.

मी शाळा सोडली नाही. त्याच बाकावर बसले. दहावीच्या परीक्षेत पुन्हा रसग्रहण आलं. मी लिहिलं, भाषा ओघवती आहे, शीर्षक समर्पक आहे. चांगले गुण मिळाले. त्या गुणांची लाज मला फळ्यावरच्या शब्दापेक्षा जास्त वाटते.

पुढे कॉलेज केलं, नोकरी केली, खूप वाचलं. तेव्हा ती खारीची गोष्ट परत मनात उघडली. सगळे म्हणतात ती मायेची गोष्ट. नाही. म्हातारी खार आधी पाठ बघते, मग कूस उघडते. पिल्लू भिजलेलं आहे, उपाशी आहे, हे तिला आधीच दिसत असतं. त्यावर ती कूस उघडत नाही. पट्टे जुळल्यावर उघडते. ही ओळखपरेड आहे आणि लेखक तिला प्रेम म्हणतो. लहान मुलांना शिकवतो, की तुमची पाठ जुळेपर्यंत तुम्ही कोणी नाही. बाई ती गोष्ट बरोबरच वाचत होत्या. त्या गोष्टीच्या बाजूने उभ्या होत्या, एवढंच.

मिलच्या जागी टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून अर्ज निघाले. आमची चाळ पाडायला आलेली. आई म्हातारी, एका डोळ्याने दिसत नाही. मी रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी यादी पाहिली. गोविंद या नावाचा कामगार नाही, म्हणाल्या. त्याच आडनावाचा विश्राम आहे. तो तुमचा कोण?

काका, मी म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या भल्या होत्या. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मग विश्रामची मुलगी म्हणून प्रतिज्ञापत्र करून आणा. किती जण करतात."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, कर. माका मरताना तरी डोक्यावर छप्पर असांदे. तिचं चुकलं नाही. बाबांनी ते नाव घेतलं तेव्हा त्यांचंही चुकलं नव्हतं.

पण मी विश्रामची मुलगी आहे असं सही करून दिलं, की गोविंद नावाचा माणूस त्या साच्यावर कधी उभाच राहिला नव्हता, हेही मीच सही करून देते. ज्यांनी त्याला तू कोण विचारलं, त्यांचं उरलेलं काम माझ्या हाताने पुरं होतं.

मी अर्ज भरला. कामगाराचे नाव, या रकान्यात गोविंद लिहिलं. पुरावा, या रकान्यात लिहिलं, सोबतचा कागद वाचा. आणि कागदावर सगळं लिहिलं. पास कोणाचा, फोटो कोणाचा, साच्यावर हात कोणाचे, जॉबरला काय माहीत होतं, टाइम ऑफिसाने काय विचारलं. काही लपवलं नाही.

नामंजूर झाला. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मी पुन्हा भरला आहे. नामंजूर झाला की आणखी भरीन. घर मिळणार नाही, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या दप्तरात माझ्या बापाचं नाव दरवेळी जाऊन पडेल, आणि दरवेळी कोणालातरी ते हाताने खोडावं लागेल. मी खोडणार नाही.