नाही म्हणायची प्रॅक्टिस

काळजी करणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात. बाकीचे लोक प्रसंग घडला की पुढे जातात. आपण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मनात चालवतो, कुठे काय चुकलं ते शोधत. चूक बहुतेक वेळा सापडत नाही, हसू मात्र सापडतं. माझी बायको म्हणते, "तुमचे किस्से ऐकून लोकांना वाटतं, हा माणूस किती मजेत आहे. घरात येरझाऱ्या घालताना मीच बघते तुम्हाला."

तर हे किस्से सदर भागातल्या आमच्या जर्मन क्लासचे. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. क्लास चालवते पल्लवी, माझी एकेकाळची विद्यार्थिनी. मी कॉलेजातून निवृत्त झालो तेव्हा तिनेच बोलावलं, "सर, घरी बसून तुम्ही काकूंना त्रास द्याल. इकडे या."

माझी पीएचडी जुन्या जर्मन कवितेतल्या छंदांवर आहे. आता शिकवतो काय, तर पेशंटला कुशीवर वळवताना काय म्हणायचं आणि मशीन बंद पडलं तर कोणाला कळवायचं. तिकडे नोकरीला निघालेले नर्स, वेल्डर, टेक्निशियन माझ्यासमोर बसतात, वह्या उघडतात, आणि माझ्याकडे अशा विश्वासाने बघतात की मला उठून जावंसं वाटतं. यांना माझ्यापेक्षा बरा माणूस मिळायला हवा होता, असं रोज जिना चढताना वाटतं. उतरतानाही वाटतं.

*

वैशाली धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स. गाव काटोलकडचं, घरी संत्र्याची बाग. जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलने तिला निवडलं होतं, पण दोन अटींवर. भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास व्हायची आणि त्यानंतर तिथल्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरबरोबर शेवटची मुलाखत द्यायची.

तिने हे फोनवर वडिलांना सांगितलं. वडिलांनी "निवडलं" एवढंच ऐकलं आणि सरपंचांना सांगितलं.

पोळ्याला ती गावी गेली तर बस स्टँडवर तिचाच फोटो! मोठा फ्लेक्स, "जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". शाळेसमोर मंडप, शाल, श्रीफळ, मुलींचं लेझीम. तिने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, परीक्षा व्हाची आहे अजून."

वडील म्हणाले, "होऊन जाईन ना वं. आता मंडप लागला."

मग परीक्षा झाली. लेखी, ऐकणं, वाचणं, सगळ्यात पास. बोलण्यात नापास.

तिकडच्या हॉस्पिटलने कळवलं की आणखी एक संधी देऊ, नाही जमलं तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. वैशालीने गावी जाणं बंद केलं. मी एकदा विचारलं, "अगं, दिवाळीलाही नाही गेलीस?"

"कशी जाऊ सर? आईनं सांगून टाकलं ना, की मी गेली म्हणून. गावच्या हिशोबानं मी जर्मनीत आहे."

ती राहायची नंदनवनमध्ये, हॉस्पिटलातल्या मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत. इतवारीत गावचं कोणी दिसलं की मिळेल त्या दुकानात शिरायची. "एकदा तर सर, भांड्याच्या दुकानात अर्धा तास कुकर पाहत उभी होती. शेवटी घ्याच लागला."

*

नापास का झाली, याचा शोध मी बरेच दिवस घेत होतो. मला वाटायचं, माझाच दोष. उच्चार शिकवायला मी कमी पडलो असेन. चाळीस वर्षं मी ही भाषा मुख्यतः वाचली आहे, बोललो कमी.

बोलण्याच्या परीक्षेत एक भाग असा असतो की दोन उमेदवारांनी मिळून काहीतरी ठरवायचं. समजा, ऑफिसातल्या कोणाचा निरोप समारंभ. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची, कारणं द्यायची, शेवटी मधला मार्ग काढायचा. मी वैशालीला सुधाकरभाऊंसमोर बसवलं. सुधाकरभाऊ मिहानमधल्या एका कारखान्यात टेक्निशियन, पन्नाशीकडे झुकलेले, तिकडच्या एका कंपनीत जायच्या खटपटीत.

सुधाकरभाऊ जर्मनमध्ये म्हणाले, "समारंभ रविवारी करू."

वैशाली म्हणाली, "हो. छान."

"माझ्या घरी करू."

"हो. छान."

"जेवण मी आणीन."

"हो. धन्यवाद."

आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. संपलं होतं! मी घड्याळसुद्धा लावलं नव्हतं अजून.

मी म्हणालो, "अगं, हरकत घे ना. रविवारी तुझी ड्युटी आहे म्हण. त्यांचं घर लांब आहे म्हण. काहीतरी खोडून काढ."

"भाऊ मोठे आहेत ना सर. त्याईचं कसं खोडू?"

सुधाकरभाऊ म्हणाले, "खोड वं बाई. मले काही राग नाही येत."

"आता असं म्हणता भाऊ, आन् मंग घरी जाऊन वहिनीले सांगता."

मग मी विचारलं की परीक्षेत जोडीदार कोण होता. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते म्हणे, तिच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी सुचवलेलं सगळं तिने मान्य केलं. शेवटी ते स्वतःच घाबरले आणि तिला मराठीत हळूच म्हणाले, "बेटा, थोडं तरी भांड."

*

हरकत घ्यायचं सोडा, स्वतःबद्दल चांगलं बोलणं हेसुद्धा आमच्या लोकांना जमत नाही. मुलाखतीच्या सरावात मी सुधाकरभाऊंना विचारलं, "तुमच्यातले गुण सांगा."

ते खाली बघून हसले. "सर, आपल्याच तोंडानं आपली तारीफ कशी कराची?"

"तिकडे करावीच लागते. तुम्ही नाही सांगितलं तर त्यांना वाटेल, याच्यात काहीच नाही."

"मंग तुम्ही माह्या साहेबाले विचारा ना." आणि मी थांबवायच्या आत त्यांनी मोबाइल काढला, कारखान्यातल्या सुपरवायझरला लावला आणि स्पीकरवर टेबलावर ठेवला. "साहेब, जरा मेरे बारे में बताव, मैं कैसा काम करता हूं."

सुपरवायझर भला माणूस निघाला. म्हणाला, सुधाकर बहुत ईमानदार आदमी है, मशीन की आवाज से पकड़ लेता है क्या बिगड़ा है, इसके बिना मेरा प्लांट एक दिन नहीं चलेगा. अख्खा क्लास ऐकत होता. सुधाकरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सुपरवायझर म्हणाला, "पर ये पूछ कौन रहा है?"

*

मी स्वतः जर्मनीत एक हिवाळा काढला आहे, तरुणपणी, संशोधनासाठी. ते दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो, अगदी शब्दशः. पहिल्याच आठवड्यात माझ्या प्राध्यापकांनी घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नीने भांडं पुढे करून विचारलं, "आणखी घेणार?" मी म्हणालो, "नको, पुरे." भुकेने जीव जात होता, पण पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणतं का? दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं ठरवलं होतं.

त्यांनी भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मी सातशे वर्षांपूर्वीच्या कवितेतला छंद तोंडपाठ सांगू शकत होतो. "अजून भूक आहे" हे सांगता आलं नाही. हा किस्सा मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. सगळे हसतात. वैशाली हसली नाही. ती म्हणाली, "मंग सर, दुसऱ्यांदा कुठी जेवायले गेले तेव्हा तरी मागितलं की नाही?"

मी म्हणालो, "चला, पुढचा धडा उघडा."

*

शेवटी मी एक गृहपाठ दिला. आठवडाभर रोज कोणाला तरी एकदा नाही म्हणायचं. आधी मनात जर्मनमध्ये, "नाइन". मग तोंडाने मराठीत.

पल्लवीला हे पटलं नव्हतं. "सर, तुम्ही भाषा शिकवता की घरं मोडता?"

मलाही धाकधूक होतीच. पुढच्या सोमवारी हिशेब घेतला. सुधाकरभाऊ म्हणाले, "साळ्याच्या घरी सावजी मटण होतं. दुसऱ्यांदा वाढाले आला, म्हटलं नाही. तिसऱ्यांदा आला, म्हटलं नाही. तवापासून तो बोलून नाही राहिला. बायकोही कमीच बोलून राहिली."

"आणि वैशाली, तू?"

"म्हटलं सर. एकदा म्हटलं." आम्ही सगळे सरसावून बसलो. "रूमवाली म्हणे, माही नाइट तू कर, मी नाही म्हटलं."

"वा! मग?"

"मंग तिचं तोंड उतरलं. मले लय वाईट वाटलं." ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. "मंग तिचीही नाइट केली आन् सकाळी माहीही ड्युटी केली."

*

परीक्षेची दुसरी खेप आली. ती पुण्याला गेली आणि इकडे मी चष्म्याच्या दुकानदाराला इतक्या वेळा वेळ विचारली की त्याने मला नंबर तपासून घ्यायचा सल्ला दिला.

संध्याकाळी तिचा फोन आला. जोडीदार कोण होता, हेच मी आधी विचारलं.

"पोरगी होती सर. माह्याहून लहान, सांगलीकडची. बाहेर बसलो होतो तेव्हापासून ताई-ताई करत होती."

"मग बरं झालं की. मोठं कोणी नव्हतं."

"काय बरं झालं? मी जे सुचवू त्याले ती हो म्हणे! हो ताई, छान ताई. मी मोठी ना."

"मग?"

"मंग काय, मीच सुचवलं आन् मीच खोडलं. म्हटलं, रविवारी करू. मंग म्हटलं, नाही, रविवार बरोबर नाही, लोकं थकलेले राहतात. परीक्षक दोघं कधी इकडं पाहे, कधी तिकडं पाहे. शेवटी ती पोरगी म्हणे, ताई, शनिवारी? मी म्हटलं, नाइन."

निकाल लागला. काठावर, पण पास.

*

आता राहिली मुलाखत. व्हिडिओवर होती, पल्लवीच्या लॅपटॉपवर, क्लासच्या आतल्या खोलीत. पल्लवीने मला बजावलं होतं, "सर, त्या दिवशी तुम्ही येऊ नका." मी हो म्हणालो आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलो. पल्लवीने माझी खुर्ची टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी सरकवून दिली आणि पुढच्या खोलीतल्या वर्गावर गेली.

पडद्यावर वॉर्डच्या मुख्य सिस्टर आल्या. साठीच्या आसपासच्या, आखूड केस, चेहऱ्यावर काही नाही. वैशालीने नमस्कार केला, नाव, गाव, शिक्षण सांगितलं. बरं चाललं होतं. एका वाक्यात क्रियापद चुकीच्या जागी गेलं आणि माझे ओठ आपोआप हलले. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. पुढच्या प्रश्नाला तिने उत्तर द्यायच्या आधीच माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं की हे बरोबर नाही. पण थांबता येईना.

बाईंनी विचारलं, "रात्री तुम्ही वॉर्डात एकट्या आहात आणि दोन पेशंटनी एकाच वेळी बेल वाजवली. काय कराल?"

वैशाली अडखळली. शब्द मला दिसत होते, अगदी समोर. मी पुढे वाकलो आणि कुजबुजलो. बहुधा कुजबुजण्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी मान थोडी तिरकी केली.

वैशाली त्यांना म्हणाली, "एक मिनिट, प्लीज." मग माझ्याकडे वळली आणि जर्मनमध्येच, सावकाश, पूर्ण वाक्यात म्हणाली, "सर, तुम्ही कृपया बाहेर बसा."

मी बसूनच राहिलो.

ती उठली. माझ्या कोपराखाली हात घालून तिने मला उभं केलं, कॅमेऱ्यासमोरून दारापर्यंत आणलं आणि बाहेर सोडलं. मी काही म्हणणार होतो. ती म्हणाली, "नाइन." आणि दार लावून घेतलं.

बाहेर जिन्याजवळच्या बाकावर सुधाकरभाऊ बसले होते. मला बघून दचकले. "काय झालं सर?"

"बाहेर काढलं मला."

"कोणं? त्या जर्मनीच्या बाईनं?"

"नाही. आपल्या वैशालीने."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. "बसा."

मी बसलो, उठलो, जिन्याच्या तोंडाशी गेलो, परत आलो. आतून आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. कोण, ते कळलं नाही. माझ्यामुळे तिचं गेलं, आता ती गावात काय तोंड दाखवेल, हेच डोक्यात फिरत होतं.

दार उघडलं. वैशाली ओढणीने कपाळ पुसत बाहेर आली.

"झालं सर. घेतलं त्याईनं. कागदं पाठवून राहिले."

सुधाकरभाऊ उठून पल्लवीला हाक मारायला धावले. मी तिथेच उभा. आनंद झाला होता, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"वैशाली, त्या बाईंनी विचारलं असेल ना? माझ्याबद्दल?"

"विचारलं ना. म्हणे, आता बाहेर नेले ते कोण होते?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पेशंटचे नातेवाईक."