यानाबाहेरचा पंखा

नववीत शाळा सोडली, त्याचं दुःख शाळेलाही फारसं झालं नसावं. मराठवाड्यातून इकडे आलो, एसी दुरुस्ती शिकलो आणि भाईंदर पूर्वेच्या खोलीत बसून मोबाइलवर विज्ञानकथा लिहून ऑनलाइन टाकायला लागलो. त्या वाचून शांती नगरच्या एका गटानं बोलावलं. विज्ञानकथांनी झपाटलेले दहा-बारा जण दर रविवारी सकाळी एका ट्यूशन क्लासच्या खोलीत जमायचे. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, काय करता? म्हटलं, कूलिंगमध्ये आहे. ते मला इंजिनिअर समजले, आणि मी समजू दिलं.

या शहरात मला नावानं हाक मारणारी एवढीच माणसं. बाकी सगळ्यांसाठी मी ‘एसीवाला भैया’, तोही मराठी असून. त्यामुळे धास्ती एकच: यांना कळलं तर काढतील.

गटाची एक रीत होती. कथा वाचून झाली की लेखकानं तोंड बंद ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या विज्ञानाच्या चुका काढायच्या. प्रेमानंच काढायचे, दाताचे डॉक्टर दात काढतात तसे.

माझी पाळी आली. कथेत यान तापतं, आतली माणसं होरपळायला लागतात, तेव्हा नायक यानाबाहेर मोठा पंखा बसवून गरमी अंतराळात उडवून देतो. वाचताना मी स्वतःवरच खूश होतो. फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले सर चष्मा पुसत म्हणाले, "पंखा ढकलणार काय? बाहेर हवाच नाही."

खोली हसली. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, यांनी यानाला आउटडोअर युनिट लावलंय, आता खालच्या मजल्यावर पाणी गळतं का तेवढं तपासा. मग सरांनी विचारलं, इंजिनिअरिंग कुठून केलंत? गप्प बसायच्या नियमाचे मी मनातल्या मनात पाय धरले, पण सर म्हणाले, नियम राहू दे बाजूला.

"सर, नववीपर्यंत शिकलोय. एसी रिपेअर करतो."

माझ्या चपला दारापाशी कुठे आहेत ते मी बघून ठेवलं.

सर म्हणाले, बरं, पंखा काढला तर यान थंड कसं कराल? म्हटलं, पंखा बंद असला तरी आउटडोअर युनिटमधल्या तापलेल्या कॉइलची धग हाताला लागतेच. नुसत्या धगीवर गरमी घालवायची तर कॉइल बिल्डिंगएवढी पसरावी लागेल.

"अहो, बरोबर आहे की. मग हेच का नाही लिहिलंत?"

"पंखा फिरताना दिसला नाही तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, सर."

सर ठसका लागेपर्यंत हसले. पुढच्या रविवारी पंखा काढून, बिल्डिंगएवढी कॉइल लावून कथा परत आणा, असं ठरलं. आता गटातल्या कथांमधली यंत्रं आधी माझ्याकडे तपासायला येतात. इंजिनिअर लोकांचीसुद्धा.

तरी मी रविवारी दहा मिनिटं लवकरच पोचतो. कुणाचं मन बदललं असेल तर त्यांनी चारचौघांत नको, दारातच सांगावं.