काकीचा घसा

काकी गाणं अर्ध्यात थांबवून श्रोत्यांना झापायची. "ए मागचा, मोबाइल ठेव. इथं काय बारसं हाय?" मग गाणं पुन्हा सुरू, तेही भलत्याच कडव्यापासून! मी ड्रमवर. आता कुठलं कडवं, हे मी बाईसाहेबांच्या मानेकडे बघून ओळखायचं. डोक्याला ताप नुसता.

वयाने ती माझ्याएवढीच, पण विशीतच सगळे तिला काकी म्हणायला लागले. उत्तनच्या कोळ्यांची पोरगी आणि आमच्या पंक बँडची गायिका. पंक म्हणजे तीन सूर आणि पोटातला संताप. काकी पाण्याच्या टँकरवर गायची, बिल्डरवर गायची, तेही घरच्या बोलीत. तिला ऐकून नवघरपासून पूनम सागरपर्यंतच्या पोरींनी गिटारी घेतल्या, हे खरंय. प्रॅक्टिसला मात्र कधी वेळेवर आली असेल तर शपथ! विचारलं की म्हणायची, "चिडायची कधी प्रॅक्टिस करतात का रे?"

आणि हीच बाई एका मालिकेत सोशिक आई झाली. सेटवर सकाळी सातला हजर, संवाद तोंडपाठ, मान खाली! आमच्या अंगाचा नुसता तिळपापड. त्यावर तिचं उत्तर काय, तर "तिथं उशीर केला तर दुसरीला घेतील. तुम्ही कुठं जाताय?"

मग घसा बसायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, ओरडणं बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. शहाण्या माणसाने गाणं थांबवलं असतं. काकीने बोलणं थांबवलं. दिग्दर्शकाच्या मागे लागून तिने मालिकेतल्या आईची वाचाच घालवली, म्हणे मुलगा घर सोडून गेल्याचा धक्का! दिवसभर सेटवर गप्प राहून रडायचं आणि वाचवलेला आवाज संध्याकाळी आमच्याकडे येऊन उधळायचा. मी भांडलो, हात जोडले. "गप रे. घसा माझा हाय, तुझा न्हाय."

उत्तनच्याच एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तो आवाज परत आलाच नाही. मला तिचा इतका राग आला की दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडलो.

मालिका मात्र जोरात. मुकी आई लोकांना फारच आवडली. मग लेखकाने ठरवलं, मुलगा परत येणार आणि आईची वाचाही येणार. काकीने फक्त ओठ हलवले, आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी लावला. तो भाग मी घरी बघत होतो. पडद्यावरची काकी तुपात घोळलेल्या आवाजात म्हणाली, "बाळा, मी तुला केव्हाच क्षमा केलीय." शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या काकींचा आवाज किती गोड हो!"

तेवढ्यात मोबाइलवर काकीचा मेसेज आला. "मी आसं बोलते का रे?"

'मेले, तेव्हा माझं ऐकलं असतंस तर', असं मी लिहिलं आणि खोडलं. मग नुसतं 'न्हाय' लिहून पाठवलं.