सदाने सरकवलेली टाकी

मुलुंडच्या जकात नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. मी कागद घेऊन खाली उतरलो होतो, तेवढ्यात समोरून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, "वसंता, तुझा तो साकीनाक्याचा टाकीवाला गेला रे! परवाच. कावीळ झाली होती म्हणे." एवढं बोलून त्याने गियर टाकला आणि गेलासुद्धा. मी तिथेच उभा... मागच्याने हॉर्न वाजवून शिव्या घातल्या तेव्हा कुठे हललो. सदा आजारी आहे हे मला ठाऊक होतं. येत्या रविवारी जाऊ, येत्या रविवारी जाऊ, असं म्हणत मी तीन रविवार घालवले. सदानंद परब असं चांगलं नाव होतं त्याचं, पण मेल्यावरसुद्धा त्या नावाने कोणी त्याची बातमी दिली नाही. 'टाकीवाला' हे नाव त्याला माझ्यामुळे पडलं. ते कसं पडलं हे सांगायलाच बसलोय. नाहीतर मी काही लिहिणारा माणूस नव्हे, ट्रक चालवणारा आहे.

साकीनाक्याला मेन रोडवरून आत वळलं की वर्कशॉपांची एक अरुंद गल्ली आहे. तिथे इब्राहिमभाईंचं लेथ मशीन आणि त्याला लागून सदाचं गॅरेज. गॅरेज कसलं, वर चार पत्रे आणि आत वेल्डिंगचा सेट. ट्रक रस्त्यावरच उभा राहायचा आणि सदा त्याच्याखाली. तो मूळचा मालवणकडचा, राहायला घाटकोपरला असल्फ्याच्या चाळीत. जिभेला हाड नव्हतं. मी गोवंडीचा, आमची माणसं नगरकडची. मीही काही कमी तोंडाळ नाही, त्यामुळे आमचं जमलं. त्याची एक खोड होती, कुठलंही काम हातात घेण्याआधी तो तासभर गाडीखाली नुसता पडून राहायचा. मी म्हणायचो, झोपलास काय रे? तर आतून आवाज यायचा, "गप ऱ्हव. गाडी काय सांगता ता आयकतंय."

सात वर्षांपूर्वी मला अंधेरीच्या एका औषध कंपनीचं काम मिळालं. सलाइनच्या काचेच्या बाटल्या नाशिकला पोचवायच्या. गाडी माझी सेकंडहँड, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जाड आणि आखूड, खडी-सिमेंट वाहणाऱ्या गाडीचे. एकेका खेपेला खोक्यामागून खोकी फुटायची. तिसऱ्या खेपेनंतर कंपनीच्या डिस्पॅचच्या साहेबाने बोलावून सांगितलं, "गाडी मऊ करून आण, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. आणि तुझ्या हातून एक जरी निष्काळजीपणा झाला तर काम बंद, मग रडत यायचं नाही." घरी दोन पोरं, बायको, म्हातारी आई. दुसरं बांधलेलं काम हातात नव्हतं. मी तडक सदाकडे गेलो.

सदाने काय करावं? पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या आणला, मागे हौद्यात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "चल, घाटकोपरपर्यंत जाऊन ये." परत आलो तेव्हा तांब्यात घोटभर पाणी आणि सदाची पँट ओलीचिंब! सगळी गल्ली हसत होती. इब्राहिमभाईंनी लेथ बंद करून विचारलं, "क्या परब, इस उमर में?" सदा मात्र हसला नाही. म्हणाला, पाटे बदलायला हवेत, लांब आणि पातळ घालू, म्हणजे धक्का पाटे खातील, बाटली खाणार नाही. पण पाटा लांब झाला की त्याचं पुढचं टोक चेसिसच्या सांगाड्याला जिथे अडकवायचं, नेमके तिथेच डिझेलच्या टाकीचे ब्रॅकेट. म्हणजे आधी टाकी पुढे सरकवायची, मग पाट्याला जागा. मी म्हटलं, टाकीला कशाला हात लावतोस, बरी आहे ती. तर माझ्यावरच खेकसला, "गाडी तुझी, पण काम माझा."

चार दिवस खपला तो. टाकी रिकामी केली, धुतली, दोन वीत पुढे आणि चार बोटं वर घेतली, नवे ब्रॅकेट बनवले, पाइप नव्याने ओढला. मग पाटे चढवले. पुन्हा तांब्या, पुन्हा घाटकोपर. पँट कोरडी! सदा हौद्यातून उडी मारून उतरला आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्याने माझ्या डोक्यावर ओतलं. एवढा खूश मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही. एकच गोष्ट राहिली होती. टाकी पुढे आल्यामुळे पुढच्या चाकाचा चिखल सरळ तिच्या टोपणावर उडणार होता. तो म्हणाला, "उद्या पत्र्याची आड लावून देतंय. तोवर टोपणाक हात लावू नको, काय बांधू नको. त्याका बारीक भोक आसा, त्यातून वारो आत जाऊक होयो." मी हो हो म्हटलं. लक्ष कुठे होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरायचा होता आणि मला त्या साहेबाला गाडी दाखवायची घाई झाली होती.

पावसाचे दिवस. आड लावायला थांबलो नाही. डिझेलमध्ये पाणी गेलं तर पंपाची वाट लागते, हे शेंबड्या क्लीनरलाही कळतं. म्हणून मी, अतिशहाणा, जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि टोपणावर करकचून गुंडाळून वर तार आवळली. आम्ही ड्रायव्हर लोक जगातल्या सगळ्या दुखण्यांवर ट्यूबची पट्टी गुंडाळतो. कसारा घाटात निम्म्यावर गाडीने दम तोडला. फिल्टर उघडला, पंप उघडला, खालून मेकॅनिक आणला, त्यानेही तेच उघडलं. टाकी सकाळीच फुल केली होती, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. शेवटी कंपनीने दुसरी गाडी पाठवली आणि भर पावसात खोकी इकडची तिकडे केली. त्यात फुटायचं ते फुटलंच.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून साकीनाक्याला आणली. साहेब स्वतः हजर होता. मी उतरलो तोच पेटलेला. सगळ्या गल्लीसमोर सदावर ओरडलो, "तुझ्या टाकीने माझी वाट लावली! येत नव्हतं तर सांगायचं होतंस, झक मारायला हात घातलास!" आणखी पुष्कळ बोललो, इथे लिहिण्यासारखं नाही. सदा सरळ टाकीपाशी गेला, आमच्याकडे पाठ करून वाकला. मी त्याच्या बाजूला होतो म्हणून मला दिसलं. टाकीचं पोट आत ओढलं गेलं होतं, चेपलेल्या डब्यासारखं. त्याने तार सोडली, पट्टी उलगडली आणि टोपण फुस्स करून वाजलं. हवा आत गेली. त्या क्षणी मला सगळं कळलं... भोक मीच बुजवलं होतं, हवा आत जाईना म्हणून डिझेल बाहेर येईना. सदाने पट्टी मुठीत दाबली. मागून साहेबाने विचारलं, "काय, कुणाची चूक? ड्रायव्हरची?"

"माझी, साहेब," सदा म्हणाला. "पाइपाचं माप चुकलं. मी करून देतो परत."

आणि मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर काम गेलं असतं, हे खरं. पण मी उघडलं नाही, हेही तितकंच खरं. साहेब गेल्यावर सदाने पट्टी माझ्या छातीवर फेकली. "मेल्या, तुका सांगितलंय ना टोपणाक हात लावू नको म्हणान? तुझ्या घरात खाणारी तोंडा चार. माका काय, दुसरी गाडी येतली."

दुसरी गाडी आली नाही. कंपनीच्या आणखी चार गाड्यांना तसेच लांब पाटे घालायचे होते, टाक्या सरकवायच्या होत्या. ते काम सदालाच द्यायचं ठरत होतं, ते दुसरीकडे गेलं. गल्लीने त्याला टाकीवाला म्हणायला सुरुवात केली. नवं गिऱ्हाईक आलं की कोणीतरी डोळा मारून म्हणायचा, टाकीचं असेल तर तिकडे जाऊ नको हां. मी सदाला म्हटलं, मी सांगतो सगळ्यांना. तो म्हणाला, "आता सांगून साहेब परत तुझ्या मानगुटीवर बसेल. ऱ्हवांदे." पहिल्या वर्षी हे कारण खरं होतं. पुढे साहेब बदलला, कामात मी पक्का झालो, पोरं चांगल्या शाळेत गेली, तरीही मी तेच कारण धरून बसलो. जायचो, चहा प्यायचो, गाडी त्याच्याकडूनच करून घ्यायचो, आणि एवढं एक सोडून सगळं बोलायचो. लाज वाटते सांगताना, पण असंच आहे.

बाराव्याला असल्फ्याला गेलो. सदाची मुलगी नंदा आता नोकरी करते. तिने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना कधी सोडलं नाहीत हो. त्यांनी तुमचं एवढं नुकसान केलं तरी गाडी त्यांच्याकडेच आणलीत." तांब्या माझ्या हातातच राहिला. सदाने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं! मी तिला सगळं सांगितलं, पट्टीपासून फुस्सपर्यंत. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे काका म्हणेल. ती उठून उभी राहिली. "चाळीतली पोरं मला टाकीवाल्याची पोरगी म्हणायची. मी बाबांवर चिडायची त्यासाठी. आणि हे तुम्ही मला इथे खोलीत, दार लावून सांगता? जिथे ओरडला होतात तिथे जाऊन सांगा."

गेलो. सकाळी दहाला, गल्ली भरात असताना, मुद्दाम तीच गाडी घेऊन. इब्राहिमभाईंना म्हटलं मशीन बंद करा, आणि भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की टाकी सदाने बरोबर बसवली होती, टोपण मी बांधलं होतं, आणि त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं. मग इब्राहिमभाई म्हणाले, "सात साल तू इधर बैठ के उसकी चाय पीता रहा?" त्यांनी कापडाला हात पुसले, गोणपाट टाकलं आणि त्या वयात ट्रकखाली शिरले. बराच वेळ आत होते. मग हाक मारून दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. एकजण ब्रॅकेटच्या वेल्डिंगवरून बोट फिरवत होता, एकजण नट हलवून बघत होता. सात वर्षांत काय बदललं, त्यांनी विचारलं. काही नाही, म्हटलं, चेपलेलं पोट सदाने ठोकून सरळ केलं तेवढंच, बोल्टसुद्धा बदललेला नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने खिशातून टेप काढला. त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात एक गाडी येणार होती, लांब पाटे घालायची, टाकी सरकवायची. म्हणाला, ह्याच मापाने बसवतो, ह्याहून चांगलं कुठलं मिळणार? टेपचं एक टोक त्याने माझ्याकडे दिलं. मी खाली शिरून ते टाकीला लावून धरलं आणि तो एकेक माप मोठ्याने सांगू लागला. ती गाडी सदाकडे यायला हवी होती रे... मला रडू आलं, तिथेच, ट्रकखाली, सगळ्यांच्या मध्ये. कोणी मला गप्प केलं नाही. गॅरेजवाला फक्त एवढंच म्हणाला, हात हलवू नको, माप चुकेल.