सल्ला न देणारी माणसं

दुबईच्या करामा भागातल्या त्या जुन्या इमारतीत कुणाचं काही अडलं की ते घरंगळत दुसऱ्या मजल्यावर बदरुन्निसाच्या दारात येऊन थांबायचं. पोराला खोकला झाला, मालकाने भाडं वाढवलं, सुनेने अबोला धरला, समोरच्या खोलीतल्या फिलिपिनो मुलीचा दोस्त लग्नाचं नाव काढीना. बदरुन्निसाकडे प्रत्येकाला द्यायला काहीतरी असायचंच. विचारलं तर मिळायचं, नाही विचारलं तरी मिळायचं. "माझा ऐक" म्हणून ती सुरू झाली की समोरचा हात जोडून "खलास चाची, तसंच करतो" म्हणेपर्यंत थांबायची नाही.

माहेर आणि सासर दोन्ही दाभोळच्या खाडीकाठी. फहदला कडेवर घेऊन ती दुबईला उतरली त्याला आता तिसाच्या वर वर्षं झाली. नवरा इद्रीस लांब अबू धाबीपलीकडे रुवैसला एका कंत्राटदार कंपनीचं स्टोअर सांभाळायचा. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहायचा, सुट्टीला बसने घरी. फहद शिकला, नोकरीला लागला, लग्न करून शारजाला गेला, आणि बदरुन्निसाच्या हातात दिवसभराचा रिकामा वेळ आला. तो तिला मानवला नाही. एके दिवशी खालच्या मुनीरच्या हॉटेलातून आणलेलं माशाचं सार घेऊन ती तशीच परत जिना उतरली आणि गल्ल्यासमोर भांडं आपटून म्हणाली, "ह्या सारात कोकम कुठं हाय? मासा काय नुसता आंघोळ करून आला की काय?"

मुनीर चिपळूणकडचा, हजरजबाबी. म्हणाला, "चाची, उद्यापासून तुम्हीच घाला कोकम."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. तेव्हापासून सकाळी मुनीरच्या स्वयंपाकघरात तिचं राज्य. मुनीरने तिला रीतसर कामावर घेतलं, आणि हॉटेलच्या पाटीवर 'कोकणी स्पेशल' असे दोन शब्द वाढले.

असं सगळं बरं चाललेलं असताना इद्रीसने एका सुट्टीला जेवता जेवता सांगितलं, "मार्चला कंपनीचं काम संपतंय. मलाही आता मोकळं करतायत. नोकरी संपली की आपल्या दोघांचा व्हिसाही संपला."

गावचं घर नुकतंच दुरुस्त करून घेतलेलं. नवी कौलं, नवी मोरी, अंगणात बोअरिंग. फहद म्हणाला, "अब्बा, मी दोघांचा व्हिसा करतो, इथेच राहा." इद्रीसने बदरुन्निसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि ती काहीच म्हणू शकली नाही. सगळ्या इमारतीला पुरून उरणारी बाई स्वतःच्या घरात मुकी झाली. जावं तर मुनीरचं स्वयंपाकघर सुटतं, राहावं तर इद्रीसचं गाव सुटतं. आणि इद्रीस आपल्या मनातलं सांगत नव्हता.

तिच्या वरच्या मजल्यावर साधना राहायची. मूळची पुण्याची, नवरा-मुलीसकट इथे आलेली, बँकेत नोकरीला. साधना अधूनमधून क्वेकर मंडळींच्या बैठकीला जायची. ख्रिस्ती धर्मातून निघालेला हा पंथ. पाद्री नाही, गाणं नाही, मेणबत्ती नाही. वर्तुळात बसायचं आणि गप्प राहायचं. आतून कुणाला बोलावंसं वाटलं तर त्याने उठून दोन वाक्यं बोलायची, नाही तर तासभर शांतता. महिन्यातून एकदा बैठकीनंतर ही मंडळी एखादं व्याख्यान किंवा शिबिर ठेवायची. साधं राहणं म्हणजे काय, कामगारांच्या खोल्यांकडे आपण कसं पाहतो, भांडण न करता नाही कसं म्हणावं, असले विषय. साधना आधी अशाच एका शिबिराला गेली होती आणि मग जातच राहिली. त्या दिवशीचं जेवण मुनीरकडून जायचं.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा जेवण पोचवायला बदरुन्निसा स्वतः गेली. घर मार्गारेट नावाच्या इंग्रज शिक्षिकेचं. दार उघडं. आत पंधराएक माणसं गोलात बसलेली, माना खाली, डोळे मिटलेले, कुणाचा श्वासही ऐकू येईना. बदरुन्निसा मनात म्हणाली, कुणीतरी गेलंय! तिने डबे दाराशी ठेवले, डोक्यावरून पदर घेतला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकली आणि ओठांतल्या ओठांत मयताची दुआ म्हणायला लागली. तासाभराने मार्गारेटने शेजारच्याचा हात हातात घेतला आणि सगळे एकमेकांचे हात मिळवायला लागले. ही त्यांची बैठक संपल्याची खूण. बदरुन्निसाला वाटलं, आता सांत्वन. ती उठली, एकेकाचा हात दोन्ही हातांत धरून "सबर करा, सबर करा" म्हणत वर्तुळभर फिरली.

साधनाशी पोचल्यावर तिने हळूच विचारलं, "कोण गेला गो बाय?"

"कुणी नाही, बदरआपा! ही प्रार्थना आहे."

"ही? मग आधी सांगायचा नाय? मी त्या गोऱ्या बाबाला डोळ्यातनं पाणी काढून दाखवला!"

हे साधनाने सगळ्यांना सांगितलं तेव्हा मार्गारेट हसता हसता खाली बसली. पण रूथ नावाची केनियाची नर्स हसली नाही. तिच्या देशात गावागावांत क्वेकर. हॉस्पिटलात राहून हिंदी पक्की झालेली. ती म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी तासभर दुआ केलीत, चाची. ती कुठेतरी कामाला येईलच." तेव्हापासून जेवण द्यायला बदरुन्निसाच जायची, आणि नमाजाची वेळ नसेल तर मागच्या खुर्चीवर बसायची. गप्प बसणं तिला जड जायचं, पण जेवणाआधी भूक छान लागते म्हणायची.

तर इद्रीसच्या मार्चची गोष्ट तिने साधनाला सांगितली, आणि साधना म्हणाली, "आपा, पुढच्या शिबिरात तुमचाच प्रश्न ठेवू या का? त्यांच्यात एक रीत आहे. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने मध्ये बसायचं, बाकीच्यांनी मदत करायची. पाणी ढवळलं तर दिसत नाही, थोडं निवळू दिलं की तळ दिसतो, तसं."

बदरुन्निसाला हे फारच आवडलं. चार शिकलेली माणसं मिळून तिला सांगणार, जा किंवा राहा. इतकी वर्षं सगळ्यांना सल्ले वाटले, आता आपल्यालाही एक मिळू दे की. ती खास सांदणं करून घेऊन गेली.

बैठकीत पाच जण. मार्गारेटने नियम सांगितले, साधनाने मराठीत करून दिले. बदरुन्निसाने आपलं म्हणणं मांडायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, आपली हकीकत सांगायची नाही, "माझ्या आत्याने असं केलं होतं" म्हणायचं नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये घाई नाही. आणि इथलं बोलणं बाहेर काढायचं नाही.

"मग माझा फैसला कोण करणार?" बदरुन्निसाने विचारलं.

"तुम्ही."

"तो मला घरी बसून पण करता आला असता!"

तरी तिने सगळं सांगितलं. गाव, खाडी, नवी कौलं, फहदचा व्हिसा, मुनीरचं हॉटेल. संपलं तशी शांतता. बदरुन्निसाने याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हलेना. तिला वाटलं, आपलं बोलणं यांना आवडलं नाही की काय.

साधनाला राहवलं नाही. "आपा, फहदचा व्हिसा घेऊन इथेच का नाही राहत तुम्ही?"

मार्गारेटने हसून बोट वर केलं. या प्रश्नाच्या पोटात सल्ला आहे, असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली. साधनाने ओशाळून भाषांतर केलं.

"ऱ्हावू दे की गो पोटात!" बदरुन्निसा उसळली. "तेवढा तरी मिळू दे! दोन तास खर्च करून सांदणं केली मी!"

सगळे हसले, पण सल्ला काही आला नाही. प्रश्न मात्र यायला लागले, एकेक, हळू. गावच्या घरात कुठली खोली तुमची आवडती? मुनीरकडे कामाला जाता तेव्हा काय मनात असतं? कधीपासून तुम्ही गावाला परत जायचं म्हणताय? बदरुन्निसा भराभर उत्तरं देत होती. मग रूथने तिच्या दवाखान्यातल्या हिंदीत विचारलं, "चाची, गाँव में सुबह उठके आप कहाँ जाओगी?"

बदरुन्निसाने तोंड उघडलं. सासूकडे जाईन म्हणणार होती, सासू कधीच गेली. शेजारच्या मैमुनाबीकडे, ती लेकाकडे मुंब्र्याला. बाजारात, तर बाजार आठवड्यातनं एकदा. खाडीवर इद्रीस जाईल, गळ टाकील, ती काय करील? इथे पहाटे डोळा उघडला की कोळंबी आली असेल, पोरांनी नारळ खवला असेल का, मसाला करपवला तर नसेल, या विचाराने पाय आपोआप चपलेत जातात.

"कुठंच नाय," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक कुणी कधी ऐकला नव्हता. पदराने डोळे पुसले तिने. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी "रडू नका" म्हटलं नाही. पाणी पुढे केलं, बस्स. आणि तिला नवल वाटलं की आपल्याला उलट बरं वाटतंय.

थोड्या वेळाने त्या गोऱ्या बाबाने, ज्याचं तिने पहिल्या दिवशी सांत्वन केलं होतं, एक प्रश्न विचारला. "तुमच्या नवऱ्याला काय हवंय?"

"तो म्हणतो, तू म्हणशील तसं."

"ते ऐकलं. त्याला काय हवंय?"

पुढच्या सुट्टीला इद्रीस रुवैसहून आला. बसने अंग आंबलेलं, हातात खजुराचा डबा. तिने चहा ठेवला, समोर बसली आणि "माझा ऐक" असं जिभेवर आलेलं गिळून म्हणाली, "अवो, तुमाला काय वाटता? मी काय म्हणेन ते सोडा. तुमाला."

इद्रीस बावरला. असा सवाल त्याला लग्नानंतर कुणी केला नव्हता. "कशात?"

"गावाच्या बाबतीत."

तो कपात बघत बसला. बदरुन्निसाला एकदम चार गोष्टी सुचल्या, चारही चांगल्या होत्या. तिने पदराचं टोक मुठीत आवळलं आणि गप्प राहिली. चहा थंड व्हायला लागला.

"मला जायचाय," तो म्हणाला. "मला तिथं होडी पाहिजे. लहानशी. स्टोअरात इतकी वर्षं लोखंड मोजला, आता पाणी बघायचाय." मग घाईने, "पण तुला नको असला तर..."

"मला नको हाय."

"हां?"

"मला इथं ऱ्हायचाय. मुनीरकडं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं मत पुरतं वेगळं होतं आणि कुणीच चिडलं नव्हतं. इद्रीस आधी हसला. "मग म्हातारपणी तलाक घ्यायचा काय?"

"चला, चावट कुठले! फहदला विचारा, व्हिसावाला माणूस बाहेर किती दिवस ऱ्हावू शकतो."

फहदने फोनवरच सांगितलं, "सहा महिन्यांच्या आत परत आलं की व्हिसा चालू राहतो, अम्मी. पण का विचारताय?"

बदरुन्निसाने नवऱ्याकडे पाहिलं. इद्रीस बोटांवर काहीतरी जुळवत होता; थंडी संपली की जायचं, आंबे खाऊन, पाऊस लागला की होडी वर ओढून ठेवायची आणि परत. त्याने मान हलवली. तिनेही हलवली.

"बेटा," ती फोनमध्ये म्हणाली, "व्हिसा दोघांचा कर, आणि मार्च झाला की अब्बांचं तिकीट काढ. एकाचंच. परतीचं धरून."

"आणि तुमचं?"

"मी मे महिन्यात जाईन, चार दिवस, आंबा खायला. सकाळी मुनीरला सुट्टीचा सांगून येते. हां, आणि तिकीट काढताना..." ती थांबली. पलीकडे फहद वाट पाहत होता. "नाय, काय नाय. तू बघ बाबा, तुला कसा बरा वाटेल तसा."

"अम्मी, तब्येत ठीक आहे ना तुमची?" फहद घाबरून विचारत होता. इद्रीस तोपर्यंत गार चहा पुन्हा गरम करायला आत गेला होता, आणि कुठल्या लाकडाची होडी बरी, हे मोठ्याने स्वतःलाच सांगत होता.