एकोणीस जणांचं एकच उत्तर

मनाली इंगळे आमच्या शाळेत आली तेव्हा मी तिला फार हसले, हे आधीच कबूल करते. मी नेत्रा वैती, मुलुंड गावातली. महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं तिसरीला शिकवतेय. मनाली नाहूरची, वडील बुलढाण्याहून येऊन टेलिफोन खात्यात लागलेले. तिला शिकवायला पाचवी दिली. बोलणं इतकं हळू की शेवटच्या बाकावर पोचत तरी असेल का, देव जाणे. पोराचं उत्तर बरोबर आलं तरी विचारणार, "कसं काढलंस?" अगं, बरोबर आलंय ना, पुढे चल की!

त्यात तिचा तो तक्ता. चाचणी झाली की आम्ही गुण मोबाइलवर भरतो आणि सुटतो. ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुलांची नावं लिहिणार आणि पुढे प्रत्येकाचं चुकलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवणार. मी म्हणायचे, "इंगळे, चुका कसल्या जमवतेस गं? लोणचं घालणारेस का?" ती हसायची आणि लिहीत राहायची.

यंदाच्या पायाभूत चाचणीला पाचवीवर सुपरव्हिजन माझी होती. पेपर गोळा करताना बघते तर काय, ५०३ वजा १६७ चं उत्तर एकोणीस पोरांचं २४६! खरं उत्तर ३३६. एकोणीस जणांची एकच चूक? सरळ सरळ कॉपी. पहिल्या बाकावर तेजल, वर्गातली सगळ्यात हुशार, तिचंही २४६. तिथेच तिला उभी केली. "तूच दाखवलंस ना सगळ्यांना?" ती रडायला लागली, पण माझं डोकं फिरलेलं. हेडबाईंना जाऊन सांगितलं, हिला शिष्यवृत्तीच्या वर्गातून काढा. सोमवारी नाव कापायचं ठरलं. तेजलची आई कामावर खाडा करून हात जोडायला आली, तरी मी ढिम्म हलले नाही.

मनाली भांडली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर म्हणाली, "बाई, पाच मिनिटं द्या ना." तक्ता माझ्यापुढे ठेवला. "रुचिका त्या दिवशी आजारी होती. तिने नंतर ऑफिसात एकटीने पेपर दिला. तिचंही २४६ आलंय. आणि ज्या पाच जणांचं बरोबर आलं, ती सगळी चौथीत बाहेरून आलेली मुलं आहेत."

मग तिने थांबवून ठेवलेल्या तेजलला फळ्यापाशी बोलावलं. "हेच गणित कर, मोठ्याने बोलत."

तेजल माझ्याकडे न बघता बोलू लागली. "तीनातून सात जात नाहीत. शून्य गरीब, त्याला मागू नका, पुढच्या घरी जा. पाचाचे चार, तीनाचे तेरा..." शून्य तिने तसंच सोडून दिलं, आणि त्यातून सहा जाईनात तेव्हा परत त्या चारातूनच एक घेतला. उत्तर २४६.

'शून्य गरीब' हे माझं गाणं. तिसरीत टाळ्या वाजवून म्हणून घेते मी. हातचा आणताना मधल्या शून्याचे नऊ होतात, हे फळ्यावर करून दाखवायचे, पण गाण्यात ते नव्हतंच. पोरांच्या डोक्यात गाणं तेवढं राहिलं.

"हे तुला आधीच कळलं होतं?" मी खेकसलेच.

"शंका होती बाई. खात्री नव्हती, म्हणून तिलाच विचारलं."

रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. सोमवारी आधी हेडबाईंना गाठून सगळं सांगितलं. तेजलचं नाव राहिलं. मग पाचवीच्या वर्गात गेले. मनालीने खडू माझ्या हातात दिला आणि बाजूला झाली. मी म्हटलं, "पोरांनो, कॉपी कोणीच केली नव्हती. मीच तुम्हाला अर्धं शिकवलं होतं. तेजल, मी तुला चोर ठरवलं. माझं चुकलं गं बाळा." लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. गणित परत मांडलं, शून्याचे नऊ करून दाखवले. मनालीने नवी पाच गणितं घातली. दोघं सोडून सगळ्यांची बरोबर आली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात तेजलने हात वर केला. "बाई, माझ्या दादाला पण तिसरीत तुम्हीच होतात ना? तो सातवीत आहे. त्याचं अजून चुकतं."

सातवी तिसऱ्या मजल्यावर. माझे गुडघे कधीचे गेलेत. मधल्या सुट्टीत मनालीचा हात धरून चढले.